पाच नंबरचे हात

बायको – नाही, बसत नाही मी. बसले की बोलायचं राहून जाईल. तुम्ही ते दार तेवढं लोटून घ्या.

फिजिओ – काकू, दार लोटलं तरी या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू जातं. आणि पाच मिनिटांत मला तीन नंबरच्या पेशंटला खाटेच्या कडेला बसवायचंय, आज पहिल्यांदाच. काय झालं? काकांचं काही बिघडलं का?

बायको – यांचं छान चाललंय. उद्या सकाळी आठला श्वासाचं मशीन काढून बघणार आहेत. दोन तास.

फिजिओ – माहितीये मला. मीच असणार आहे तिथे. मग रडताय कशाला?

बायको – रडत नाहीये. सकाळपासून नुसतं पाणी येतंय डोळ्यांतून. सिस्टरनं पट्ट्या आणून ठेवल्यात खाटेखाली.

फिजिओ – कसल्या पट्ट्या?

बायको – हात बांधायच्या. निळ्या. तीस वर्षं लोकांचे कपडे उसवून शिवतेय मी, मला लांबूनही कळतं काय माल आहे ते. आतून कापूस, बाहेरून जाड कापड, दुहेरी टीप. नखानं उसवायची नाही ती.

फिजिओ – काकू, तो नियम आहे. तीन आठवड्यांपूर्वी काकांनी गळ्याची नळी ओढून काढली होती. फाइलमध्ये तसं लिहिलंय. एकदा ज्यानं नळी ओढली, त्याचे हात मशीन काढताना मोकळे ठेवत नाहीत. त्यांच्याच भल्यासाठी आहे ते.

बायको – त्यांनी नाही ओढली.

फिजिओ – म्हणजे?

बायको – मी ओढली.

फिजिओ – काय बोलताय तुम्ही? बसा. आधी बसा बघू तुम्ही.

बायको – मुद्दाम नाही हो ओढली! असं बघू नका माझ्याकडे. माझ्या हातून ओढली गेली. धनुष्य करताना.

फिजिओ – धनुष्य?

बायको – तुमच्या त्या व्यायामातली दुसरी हालचाल. एक हात लांब करायचा आणि दुसऱ्याचा कोपर मागे न्यायचा, धनुष्य ताणल्यासारखा. चार नंबरच्या मास्तरांना रोज दुपारी तीनला करायला लावायचात ना तुम्ही, पडदा ओढून. त्या पडद्याला बाजूला चार बोटं फट आहे. आणि मी इकडे यांच्या पायाशी, स्टुलावर.

फिजिओ – तुम्ही बघत होतात.

बायको – पहिल्या दिवशी नुसते कान दिले. 'छाती भरू द्या, हात वर येऊ द्या. आता सोडा, हात खाली.' आवाज फार गोड लागतो तुमचा तेव्हा. एरवी तुम्ही खेकसता.

फिजिओ – मी खेकसत नाही.

बायको – खेकसता. असू दे. दुसऱ्या दिवशी डोळा लावला. मला माप घ्यायला टेप लागत नाही, मॅडम. बाई दुकानात शिरली की तिचं माप माझ्या डोळ्यांत उतरतं. तुमच्या आठही हालचाली चार दिवसांत उतरवून घेतल्या. मग सिस्टर चहाला गेल्या की यांच्याकडून करून घ्यायची. आधी मीच हात उचलायची यांचे. भरल्या पोत्यासारखे जड.

फिजिओ – काकू, तुम्हाला कळतंय का काय करून ठेवलंत ते? तुम्ही त्या कागदावर सही केली होती! अर्ध्या पेशंटना तो चिनी व्यायाम आणि अर्ध्यांना फक्त नेहमीचे उपचार, मग दोघांची तुलना. समजावून सांगितलं होतं मी. तुम्ही मान डोलावली होती!

बायको – तेव्हा यांच्या तोंडात नळी होती. तुम्ही काहीही सांगितलं असतंत तरी मी मान डोलावली असती.

फिजिओ – दोन वर्षं झटतेय मी यासाठी. म्हाताऱ्या चिनी गुरूंच्या समोर तीन महिने रोज पहाटे उभी राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, एक पायरी चढताना धापा टाकायचा नाही. रेशमाचे आठ तुकडे, असा अर्थ आहे त्या व्यायामाच्या नावाचा. उभ्यानं करायचा तो पडल्या पडल्या कसा करायचा, नळी सांभाळून कसा करायचा, ते एकेक मी बसवलं. आणि तुम्ही चार बोटांच्या फटीतून... वाट लावलीत तुम्ही सगळ्याची!

बायको – हो.

फिजिओ – नुसतं हो काय म्हणताय?

बायको – मग काय म्हणू? शुक्रवारी मोठे डॉक्टर खाटेपाशी उभे राहून काय म्हणाले ते मीही ऐकलं. 'चार नंबरनं व्यायाम केला, पाच नंबरनं नाही केला. दोघंही सुधारले. मग ते हातवारे हवेत कशाला?' आणि तुम्ही खाली मान घालून वहीत लिहीत राहिलात. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो डॉक्टर, हेही त्या हातवाऱ्यांनीच सुधारलेत. तुमचं श्रेय गिळलं मी. त्याचीही बोच आहे. पण ते नंतर. आधी मला यांच्या हातांचं बोलायचंय.

फिजिओ – बोला.

बायको – मास्तरांच्या आणि यांच्या खाटेच्या मधे भिंतीवर एकच बोर्ड आहे. दोन्ही मशिनं त्यालाच जोडलेली. म्हणजे मास्तरांचं मशीन त्यांच्या उजव्या हाताला, आणि यांचं डाव्या. तुम्ही मास्तरांना नेहमी डावाच कोपर मागे न्यायला लावायचात. मला वाटलं, असंच असतं ते. डावाच न्यायचा.

फिजिओ – अरे देवा. आणि काकांच्या डावीकडे नळ्या.

बायको – कोपर गेला तो नळीत अडकला. मी आपली जोर करून ओढतेय, मनात म्हणतेय, आज काय झालंय यांना, अंग का धरतायत. गळ्यापाशी फट्‌ असा आवाज आला. मशीन बोंबलायला लागलं. यांचे डोळे... मॅडम, यांचे डोळे मी विसरणार नाही. सिस्टर धावत आल्या, घातली जागेवर. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल. मग त्यांनी यांना विचारलं, 'काका, तुम्हीच ओढलीत ना?'

फिजिओ – आणि?

बायको – आणि यांनी मान हलवली. हो म्हणून. माझ्याकडे बघत बघत. आणि मी, यांची लग्नाची बायको, तोंडाला कुलूप लावून उभी राहिले. मला वाटलं, खरं सांगितलं तर मला परत आत सोडणार नाहीत. पाच मिनिटांत पट्ट्या आल्या. चार दिवस बांधलेले होते यांचे हात. साइनबोर्ड रंगवणारा माणूस! पुरुषभर उंचीची अक्षरं शिडीवर उभं राहून काढणारे हात, ते खाटेच्या दांड्याला. नाकावर माशी बसली तर मी हाकलायची.

फिजिओ – त्याच चार दिवसांत मशीन काढून बघितलं होतं एकदा.

बायको – तिसऱ्या दिवशी. अकरा मिनिटं टिकले. तुम्हाला म्हणून सांगते, यांना आता हात वर नेल्याशिवाय श्वास भरता येत नाही. म्हणजे येतो, पण भीती वाटली की नाही येत. हात वर गेले की छाती उघडते आणि जीव थाऱ्यावर येतो. त्या दिवशी हात उचलायला गेले आणि पट्टीनं खेचलं. ते बघितलंय मी. उद्या पुन्हा तेच होणार. म्हणून आलेय. तुम्ही फाइलमध्ये लिहा की नळी बायकोनं ओढली. मला काय शिक्षा करायची ती करा.

फिजिओ – तीन आठवडे गप्प बसलात.

बायको – तीन आठवडे. एकदा यांनी एका दवाखान्याच्या बोर्डावर बाण उलट्या बाजूला काढला. वर्षभर लोक शेजारच्या लाँड्रीत जाऊन डॉक्टर कुठे बसतात विचारायचे. मी म्हटलं, निदान कोपऱ्यातलं तुमचं नाव तरी खरवडून टाका. तर म्हणाले, चुकलंय ते माझंच चुकलंय ना, मग नाव कुणाचं टाकू? असा माणूस आहे हा. आणि त्यानं माझी चूकही स्वतःच्या नावावर घेतली. मला घास उतरत नाही, मॅडम... तुम्हाला काय झालं? तुम्ही का अशा बसलात?

फिजिओ – मी तुमच्यावर ओरडायला नको होतं.

बायको – ओरडा की. मी त्यासाठीच आलेय.

फिजिओ – नाही काकू. मला तो हक्कच नाही. तुम्हाला आठवतंय, त्या कागदावर तुम्ही सही केलीत तेव्हा किती वाजले होते?

बायको – अकरा. बाहेर फरशी पुसत होते. का?

फिजिओ – मास्तरांच्या मुलीनं साडेअकराला केली. कुणाला व्यायाम द्यायचा ते आम्ही ठरवत नाही. बंद पाकिटं असतात, नंबर टाकलेली. सही होईल तसं पुढचं पाकीट उघडायचं. आत जे लिहिलं असेल ते त्या पेशंटच्या नशिबी. मी त्या दिवशी दोन्ही पाकिटं एकदमच फोडली. सतरा नंबरचं तुमचं. अठरा मास्तरांचं.

बायको – बरं मग?

फिजिओ – सतरामध्ये 'व्यायाम' लिहिलं होतं.

बायको – पण व्यायाम तर मास्तरांना...

फिजिओ – मी बदललं ते. कुणी बघत नव्हतं. सतरा मास्तरांच्या फाइलला लावलं आणि अठरा काकांच्या.

बायको – का?

फिजिओ – सांगायची लाज वाटते.

बायको – मी नळीचं सांगितलं ना तुम्हाला? आता तुम्ही सांगा.

फिजिओ – मास्तर हलके होते. बावन्न किलो. समजूतदार, सांगू तेवढं करणारे. मुलगी रोज नमस्कार करायची. काका तेव्हा एकशेचार किलोचे, कशालाही तयार नाहीत, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी टाचेखालच्या उशीवरून माझ्याशी भांडलात. मोठे डॉक्टर आधीपासूनच हसत होते माझ्या व्यायामाला. मला यश हवं होतं. जो पेशंट हमखास सुधारेल असा वाटला, त्याला दिला.

बायको – म्हणजे तो व्यायाम यांचाच होता.

फिजिओ – हो.

बायको – मी चोरला तो माझाच होता.

फिजिओ – हो, काकू.

बायको – तुम्ही स्वतः यांच्याकडून करून घेतला असतात तर उजवा कोपर मागे नेला असतात.

फिजिओ – हो.

बायको – नळी निघाली नसती. हात बांधले नसते. ती अकरा मिनिटं... तीन आठवडे मी स्वतःला शिव्या घालतेय. यांच्या पायाशी बसून माफी मागायची, मनातल्या मनात. आणि तुम्ही रोज तिथून जायचात. 'काय काकू, जेवलात का?' विचारायचात!

फिजिओ – हो. विचारायची.

बायको – तुमच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटतेय मला.

फिजिओ – द्या.

बायको – गप्प बसा! मार खाऊन सुटायचंय होय? मला तुमच्या पाकिटाशी काय करायचंय? मला यांचे हात मोकळे हवेत. नळी बायकोनं ओढली, एवढं लिहा आणि विषय संपवा. तुमचं तुमच्यापाशी.

फिजिओ – खोटं कशाला बोलू, मोह होतोय मला. तेवढंच लिहिलं की मी सुटले. पण मग मोठे डॉक्टर म्हणतील, नातेवाईक चोरून पेशंटला हात लावतात, बाईंना बाहेर ठेवा. उद्या तुम्हाला आत सोडणार नाहीत. हात मोकळे राहिले तरी काकांसमोर तुम्ही नसाल.

बायको – मी नसले तर ते घाबरतील.

फिजिओ – म्हणून सगळं लिहावं लागेल. तो व्यायाम त्यांना मिळायलाच हवा होता, तो माझ्यामुळे मिळाला नाही, म्हणून तुम्हाला स्वतः करावा लागला. असं लिहिलं की तुम्हाला बाहेर काढायला तोंड राहणार नाही कुणाला.

बायको – आणि तुमचं काय होईल?

फिजिओ – अभ्यास बाद होईल. मलाही काढतील बहुतेक. तीन नंबरला आज मी बसवणार होते, ते तेवढं करून घेते. मग काकांकडे जाऊ. आधी त्यांना सांगायचं, मग लिहायचं.

बायको – आज नको सांगायला! उद्याचं होऊ दे. श्वास बिघडेल त्यांचा.

फिजिओ – उद्या आठला पट्ट्या बांधतील, काकू.

(पाच नंबरची खाट. पेंटरच्या गळ्यात नळी आहे, त्यामुळे तो बोलू शकत नाही. पाटीवर लिहितो.)

पेंटर – दोघी रडून आलात. मी मेलो का?

बायको – अहो, काहीतरी अभद्र लिहू नका. मॅडमना बोलायचंय तुमच्याशी.

पेंटर – बोला. मी मधे तोडणार नाही.

फिजिओ – काका, तुम्ही नळी ओढलेली नाही, ते मला कळलंय. काकूंनी सगळं सांगितलं.

पेंटर – ओढली मीच. तसंच राहू दे.

बायको – नाही राहू देणार. तुम्ही त्या दिवशी मान हलवलीत ना, तेव्हापासून माझी मान वर झालेली नाही.

फिजिओ – आणि दुसरं माझं आहे. चार नंबरच्या मास्तरांना मी जो व्यायाम द्यायचे, तो तुमच्या वाट्याचा होता. पाकीट तुमच्या नावानं निघालं होतं. मी ते बदललं. तुम्ही जड होतात आणि मला सोपा पेशंट हवा होता. तो व्यायाम मी तुम्हाला दिला असता तर नळी निघाली नसती, आणि हातही बांधले नसते. यातलं काहीच काकूंचं नाही. सगळं माझ्यापासून सुरू झालंय.

बायको – अहो... अहो, लिहा ना काहीतरी. पाटी पालथी का घातलीत?

फिजिओ – असू दे, काकू.

बायको – असू दे काय? तो मशीनवरचा श्वासाचा आकडा बघा. चौतीस झाला! मी म्हटलं होतं ना, आज नको म्हणून? अहो, इकडे बघा माझ्याकडे. सिस्टरना बोलावू का?

फिजिओ – थांबा. जरा थांबा. त्यांचे हात बघा.

बायको – उचलतायत.

फिजिओ – आपणहून उचलतायत. काका, घाई नको. छाती भरू द्या, हात वर येऊ द्या. येऊ द्या. आता सोडा. हात खाली. पुन्हा. मी काही धरत नाही, तुमचं तुम्हीच.

बायको – अठ्ठावीस.

फिजिओ – छाती भरू द्या. सोडा.

बायको – बावीस. एकोणीस झाला, मॅडम. पाटी सरळ करतायत.

पेंटर – मास्तर कसे आहेत?

फिजिओ – घरी आहेत. काठी घेऊन चालतात.

पेंटर – बरं झालं. भला माणूस.

फिजिओ – हो.

पेंटर – माझे चार दिवस?

फिजिओ – ते मला परत देता येणार नाहीत, काका.

पेंटर – नाही येणार. मी रोज मोजत होतो छताचे चौकोन. अठ्ठेचाळीस.

बायको – तुम्ही मला कधी लिहिलं नाहीत हे.

पेंटर – हात बांधलेले होते ना बाई.

फिजिओ – काका, मी माफी...

पेंटर – ते नंतर. राग आहे मला. आधी फाइल आणा.

फिजिओ – ही घ्या. आणलीच आहे. बघा, इथे लिहितेय. तुमच्यासमोरच.

पेंटर – मोठ्यानं वाचा लिहिताना.

फिजिओ – 'पाच नंबरच्या रुग्णानं नळी ओढलेली नव्हती. व्यायाम करून घेताना कोपर अडकून ती निघाली. हा व्यायाम सतरा नंबरच्या पाकिटाप्रमाणे याच रुग्णाला द्यायचा होता. पाकीट मी बदललं. उद्या मशीन काढताना रुग्णाचे दोन्ही हात मोकळे ठेवावेत. हात उचलले की त्याला श्वास भरता येतो.' झालं.

पेंटर – कोण करून घेत होतं ते लिहिलं नाहीत. छान. असंच ठेवा.

फिजिओ – काका, ते विचारणारच कुणीतरी.

पेंटर – विचारू दे. तिचं नाव नको.

बायको – का नको?

पेंटर – उगीच कशाला.

बायको – उगीच? तीन आठवडे अन्न गोड लागलं नाही मला, ते उगीच?

पेंटर – मॅडम, कोपऱ्यात सही करा. पुसट नको.

फिजिओ – केली. दिसतेय का? पूर्ण नाव टाकलंय.

पेंटर – दिसतेय. अक्षर तिरकं गेलंय तुमचं.

फिजिओ – हो. जरासं.

बायको – पेन द्या इकडे.

पेंटर – अगं, नको म्हटलं ना.

बायको – तुम्ही पाटी ठेवा खाली. उद्या दोन तास दम लागणार आहे, तो जपून ठेवा. मॅडम, पेन. आणि नीट सांगा, माझं नाव कुठे लिहू? इथे चालेल?

फिजिओ – तिथे नको. खाली, माझ्या शेजारी.